घरची कारागिरी : चौकटीचे चार कोपरे

हाताने काही घडवावे ही हौस आपल्या मंडळींत नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन सुरू केले, ते कला आणि उद्योग यांचे शिक्षण एकाच छपराखाली मिळावे म्हणूनच. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या घरांतून आज निवृत्तीनंतर सुतारकामाकडे वळलेले अनेक गृहस्थ आढळतात, आणि त्यांपैकी काहींच्या गच्चीवरील खोलीत संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारे लहानसे यंत्र, म्हणजेच हौशी कामाचे सी. एन. सी., येऊन बसले आहे. यंत्र आल्यावर पहिला संकल्प होतो तो वडीलधाऱ्यांच्या तसबिरींना नव्या चौकटी करण्याचा. आणि पहिली निराशा पदरी येते तीही त्याच कामात. तीन कोपरे सुरेख मिळतात, चौथा तोंड वासून राहतो. या कोपऱ्याविषयीच आम्ही आज चार शब्द लिहिणार आहोत.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. अंकांच्या साहाय्याने चालणारे कापयंत्र अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. त्यामागे जॉन पार्सन्स यांची कल्पना होती, आणि आज्ञा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून दिल्या जात. आजचे घरगुती यंत्र त्याच कुळातले. त्याचे फिरते बिट डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली असे तीन दिशांनी सरकते; परंतु ते स्वतः मात्र सदैव उभेच असते, कलत नाही. कलणारी डोकी मोठ्या कारखान्यांतील यंत्रांना असतात. हा एक मुद्दा नीट ध्यानी घेतला, की पुढचे सारे सोपे होते.

तिरका काप दोन प्रकारचा असतो. तसबिरीच्या चौकटीत फळी आडवी ठेवून तिचे टोक ४५ अंशांत कापावयाचे असते. येथे बिटाला कलण्याची गरजच नाही; त्याने केवळ तिरक्या रेषेवरून चालावयाचे. षट्कोनी चौकटीस ३० अंश आणि अष्टकोनीस साडेबावीस अंश लागतात. हातकरवतीला साडेबावीस अंश म्हणजे परीक्षाच. यंत्राला मात्र सारे कोन सारखेच.

दुसरा प्रकार पेटीचा किंवा देव्हाऱ्याचा. तेथे फळीची जाडीच तिरकी कापावी लागते. त्यासाठी तीन वाटा आहेत. पहिली, ९० अंशांच्या टोकाचे व्ही-बिट वापरणे. त्याची प्रत्येक बाजू आपोआप ४५ अंशांत कापते. १२ मि.मी. जाडीच्या फळीत अशी खाच वरच्या अंगास सुमारे २४ मि.मी. रुंद होते, म्हणून ती एकदम न घेता थोडी थोडी खोल करीत न्यावी. दुसरी, गोल टोकाच्या बिटाने बारीक पायऱ्या पाडीत उतार करणे आणि मग त्या काचकागदाने घासून काढणे. ही वाट वेळखाऊ आहे. तिसरी, फळीच ४५ अंशांच्या लाकडी बैठकीवर कलती बांधणे. एकाच मापाचे पुष्कळ तुकडे करावयाचे असतील, तर बैठक करण्याचे श्रम वाया जात नाहीत.

आता चौथ्या कोपऱ्याकडे वळू. यंत्र मागील काप पुढच्या वेळी जसाच्या तसा देते, हा त्याचा खरा गुण. परंतु काटकोन म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. फळी जिला टेकवावयाची ती आधारपट्टी ३०० मि.मी. लांबीत १ मि.मी. जरी तिरकी बसली, तरी काप सुमारे एक पंचमांश अंशाने चुकतो. चौकटीत काप आठ. आठही एकाच बाजूस चुकले, तर शेवटी दीड अंशाची तूट पडते, आणि ४० मि.मी. रुंदीच्या पट्टीत ती दीड मि.मी.ची फट होऊन दिसते. यंत्र तीच चूक आठ वेळा इमानाने करीत असते.

यास उपाय दोन. एक, आधारपट्टी बसविताना गुण्या लावावा, आणि यंत्राने ४०० मि.मी.चा चौरस कापून त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे भरले, तर यंत्र काटकोनात आहे असे समजावे. दुसरा उपाय याहूनही उपयोगी. एकाच तिरक्या रेषेवर फळी उलटसुलट करून दोन्ही टोके कापू नयेत. डाव्या टोकास डावीकडे झुकणारी आणि उजव्या टोकास उजवीकडे झुकणारी, अशा दोन रेषा आखाव्यात. प्रत्येक पट्टीची दर्शनी बाजू वर आणि तीच कड आधारपट्टीस टेकलेली असावी. मग पट्टी किंचित तिरकी असली, तरी एक काप जितका जास्त तितकाच दुसरा कमी होतो, आणि कोपऱ्यात दोघे मिळून ९० अंश भरतात. समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी मात्र तंतोतंत सारखी हवी. त्यासाठी टोकाशी एक ठोकळा कायमचा बसवावा.

एवढे करूनही वर्षभराने फट पडली, तर यंत्रास दोष देऊ नये. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फुगलेल्या चौकटीची फट कोपऱ्याच्या बाहेरच्या टोकाशी दिसते, आकसलेलीची आतल्या टोकाशी. फट कोठे आहे हे पाहूनच कारण ओळखता येते. म्हणून लाकूड चांगले मुरलेले घ्यावे. तिरक्या टोकाशी लाकडाचे तंतू उघडे असल्याने ते सरस शोषून घेते. तेव्हा आधी पातळ हात देऊन, थोड्या वेळाने दुसरा हात द्यावा. कोपऱ्यात आडवी खाच पाडून पातळ लाकडी पट्टी बसविली, तर जोड पिढ्यानुपिढ्या टिकेल.

तुकडे घट्ट आवळल्यावाचून यंत्र सुरू करू नये. तिरक्या कापाचे निमुळते टोक सुटले तर उडते. चष्मा आणि नाकावर फडके असावे, आणि नातवंडांना हात लावू देण्यापूर्वी वीज बंद करावी.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बाजारात चौकट तयार मिळतेच. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पाडलेल्या वाड्याच्या दारांचे सागवान जपून ठेवलेले आहे. आजोबांच्या तसबिरीस त्यांच्याच घराच्या दाराचे लाकूड लागावे, ही इच्छा काही वावगी नव्हे. ते लाकूड मात्र मोजकेच असते. चुकलेला कोपरा सुधारण्यासाठी पट्टी पुन्हा कापावी, तर चौकट दर वेळी लहान होत जाते, आणि एक दिवस तसबीर तीत मावत नाही. म्हणून पहिली चौकट जंगली लाकडाच्या टाकाऊ पट्ट्यांची करावी, तिचे चारही कोपरे उजेडासमोर धरून पाहावेत, आणि मगच जुन्या सागवानास बिट लावावे.