आधी ‘अजून’ आणि ‘लवकर’ पक्कं करा

घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली जरा उचलून बघा. लेबलावर बारीक अक्षरांत ‘शेक वेल बिफोर यूज’ असं छापलेलं असतं. मलमाच्या ट्यूबवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असतं. चेकवर रक्कम अक्षरी लिहून झाली की मराठीत आपण ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितो, इंग्रजीत ‘ओन्ली’. शाळेजवळच्या रस्त्यावर पाटी असते, ‘गो स्लो’. यातले वेल, ओन्ली, स्लो म्हणजे इंग्रजी क्रियाविशेषणं. काम कसं झालं, कधी झालं, कुठे झालं, कितीदा झालं ते सांगणारे शब्द. शाळेत व्याकरणाच्या तासाला ज्यांचा डोळा लागायचा त्यांनी ‘क्रियाविशेषण’ हे नाव विसरलं तरी हरकत नाही. शब्द मात्र हवेत.

मोठ्या वयात इंग्रजी शिकायला बसलेल्यांना, दुकानात-दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्यांना, मुलांचा अभ्यास घेता घेता स्वतःही शिकणाऱ्या आयांना माझं एक सांगणं आहे. शेवटी ‘ली’ लागलेल्या शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नका. ब्यूटिफुली, एलेगंटली यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते स्टिल, यट, सून, अगो, नेव्हर, ऑलवेज अशा चिमुकल्या शब्दांपाशी. असे पंचवीस-तीस शब्द नीट बसले की रोजचं बोलणं सुटतं. आणि ते कठीण का वाटतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीत नसून आपल्या मराठीत सापडतं.

‘अजून’ घ्या. ‘तो अजून झोपलाय’ आणि ‘तो अजून आला नाही’ या दोन्ही वाक्यांत आपला शब्द एकच. इंग्रजी इथे दोन शब्द वापरते. गोष्ट चालूच आहे, तर ‘स्टिल’: ‘ही इज स्टिल स्लीपिंग’. गोष्ट व्हायची आहे, तर ‘यट’, आणि तोही वाक्याच्या शेवटी: ‘ही हॅजन्ट कम यट’. प्रश्न विचारतानाही यटच: ‘हॅज द बस कम यट?’ ‘अजून एक पोळी घ्या’ म्हणताना दोन्ही चालत नाहीत, तिथे ‘वन मोअर’ लागतं. आणि अपेक्षेच्या आधीच काम उरकलं असेल तर ‘ऑलरेडी’. कुणी जेवायचा आग्रह केला आणि तुमचं जेवण झालंय, तर ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’.

‘लवकर’ तर तीन ठिकाणी फुटतो. ‘ती लवकर उठते’ म्हणजे नेहमीच्या किंवा ठरलेल्या वेळेच्या आधी, तिथे ‘अर्ली’. ‘डॉक्टर लवकरच येतील’ म्हणजे आतापासून थोड्या वेळात, तिथे ‘सून’. ‘लवकर चल, गाडी सुटेल’ यात वेगाची गोष्ट आहे, तिथे ‘फास्ट’ किंवा ‘क्विकली’. बोलण्याआधी स्वतःला विचारा: मला घड्याळ म्हणायचंय, वाट बघणं म्हणायचंय की वेग? पेशंटला ‘डॉक्टर विल कम अर्ली’ सांगितलंत, तर डॉक्टर आज ठरलेल्या वेळेआधी येणार असं समजून तो बसून राहील.

आता ‘कधीच’. ‘मी कधीच खोटं बोलत नाही.’ मराठीत या अर्थानं ‘कधीच’ आलं की ‘नाही’ लागतंच. ‘नेव्हर’च्या पोटातच नकार असतो, त्याला वेगळा ‘नॉट’ चालत नाही. ‘आय नेव्हर टेल लाइज’ एवढंच. ‘आय नेव्हर डोन्ट टेल लाइज’ म्हणणारा माणूस खोटारडेपणाची कबुली देऊन बसतो.

त्याच कुळातला आणखी एक फसवा शब्द म्हणजे ‘हार्डली’. मुलाखतीत ‘आय वर्क हार्डली’ असं म्हणणारे उमेदवार कमी नाहीत. त्यांना म्हणायचं असतं, मी कष्टाळू आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हा जेमतेमच काम करत असावा. कष्टानं या अर्थी शब्द आहे ‘हार्ड’, शेपटीशिवाय: ‘आय वर्क हार्ड’. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, तेही असंच. बाकी ‘ली’चं गणित सोपं आहे. शांत वरून शांतपणे, काळजी वरून काळजीपूर्वक, तसं क्वाएट वरून क्वाएटली, केअरफुल वरून केअरफुली. ‘फास्ट’ला शेपूट लागत नाही आणि ‘गुड’चं ‘वेल’ होतं, एवढं ध्यानात असलं की पुढे चला.

या गुड-वेलपाशी मात्र क्षणभर थांबायला हवं. मराठीत ‘चांगला मुलगा’ आणि ‘चांगला गातो’ यांत शब्द तोच, म्हणून आपण ‘ही सिंग्ज गुड’ म्हणून मोकळे होतो. माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल बोलताना गुड, कामाबद्दल बोलताना वेल. ‘शी इज अ गुड सिंगर’, पण ‘शी सिंग्ज वेल’.

शब्द कुठे ठेवायचा, हा दुसरा घोळ. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी, म्हणून बाकी सगळं त्याच्या आधी येतं. ‘ती मराठी छान बोलते.’ इंग्रजीत ‘कसं’ हे मागाहून येतं: ‘शी स्पीक्स मराठी वेल’. त्याच हिशेबानं ‘आय लाइक टी व्हेरी मच’. ‘आय लाइक व्हेरी मच टी’ नाही. ‘कितीदा’ सांगणारे शब्द, म्हणजे ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर, हे कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये बसतात: ‘आय ऑलवेज वॉक टु वर्क’. पण ॲम, इज, आर असले की त्यांच्या मागून: ‘आय ॲम ऑलवेज लेट’. ‘रोज’ मात्र या रांगेत बसत नाही. ‘आय डेली गो टु मार्केट’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. म्हणायचं असतं ‘आय गो टु द मार्केट एव्हरी डे’. एव्हरी डे शेवटी टाका आणि निर्धास्त राहा.

आपल्या ‘च’नं तर भारतीय इंग्रजीत संसारच थाटलाय. ‘मी ठाण्यातच राहतो’चं ‘आय लिव्ह इन ठाणे ओन्ली’ होतं. इथल्या माणसांना ते कळतं, त्याला हसायचं कारण नाही. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणाऱ्यांनी जपावं. ‘आत्ताच’ला ‘जस्ट नाउ’, ‘इथेच’ला ‘राइट हिअर’, आणि बाकी ठिकाणी ‘च’ सोडून दिला तरी बिघडत नाही. तसंच ‘हळूहळू’चं ‘स्लोली स्लोली’ करू नका. एकदा ‘स्लोली’ म्हटलं की पुरतं.

व्हेरी आणि टू यांतला फरक चहाच्या कपावर शिका. चहा ‘व्हेरी हॉट’ म्हणजे मस्त गरमागरम. ‘टू हॉट’ म्हणजे इतका गरम की पिता येत नाही, थांबा. चप्पल ‘टू स्मॉल’ म्हणजे पायात शिरतच नाही, दुसरी दाखवा. दुकानदारांना हा फरक एका दिवसात कळावा.

सराव कसा करायचा? वही घ्या आणि स्वतःच्या दिवसाबद्दलच लिहा. पुस्तकातली जॉन आणि मेरीची वाक्यं नकोत. मी लवकर उठते, कधीकधी डबा नेत नाही, सासूबाई नेहमी मराठी मालिका बघतात, आमचा नळ अजून दुरुस्त झाला नाही. आधी मराठीत, खाली इंग्रजीत. स्पेलिंग रोमन लिपीतच लिहा. मी इथे देवनागरीत लिहिलंय ते ओळख पटावी म्हणून. लिहिलेलं मोठ्यानं वाचा. ‘ऑफन’ म्हणावं की ‘ऑफ्टन’, यावर वेळ घालवू नका, दोन्ही उच्चार प्रचलित आहेत.

काळाच्या शब्दांत ‘पूर्वी’ला जपा. ‘दोन वर्षांपूर्वी’चं ‘बिफोर टू इयर्स’ करायचा मोह होतो, पण आजपासून मागे मोजताना ‘टू इयर्स अगो’ म्हणायचं. अगो आकड्याच्या मागून येतो. राहता राहिला ‘परवा’. आपण तो होऊन गेलेल्या दिवसालाही म्हणतो आणि येणाऱ्यालाही, आणि क्रियापदावरून उमगून घेतो. इंग्रजीत रोजच्या वापरात त्याला सुटसुटीत शब्दच नाही. गेलेला परवा ‘द डे बिफोर यस्टरडे’, येणारा ‘द डे आफ्टर टुमॉरो’. जीभ अडखळत असेल तर सरळ वाराचं नाव घ्या, ‘ऑन मंडे’. इंग्रज माणूसही पुष्कळदा तेच करतो.