पदवीचीही चिठ्ठी पाहा

बियाण्याची पिशवी घेताना आपण चिठ्ठी बघतो. प्रमाणित बियाण्याला निळी, पायाभूतला पांढरी. दुकानदार कितीही गोड बोलला तरी चिठ्ठी पाहिल्याशिवाय कनवटीचा पैसा सुटत नाही. पण पोराच्या शिक्षणाला पैसे मोजताना हीच शहाणी माणसे रंगीत पत्रकावर भुलतात.

लोणी काळभोरचे एक गृहस्थ असेच पत्रक घेऊन कचेरीत आले. "साहेब, बी.एस्सी. ॲग्री, घरबसल्या, एका वर्षात! उसाचं बिल आलंय, भरून टाकू का?" पोराला कृषी सेवा केंद्र काढायचे होते.

अहो, ही पदवी चार वर्षांची. शेवटच्या वर्षी मुले कृषिदूत, कृषिकन्या म्हणून आपल्याच गावात मुक्कामाला येतात. ते घरबसल्या कसे व्हायचे? शिवाय कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिक्षणाचा दाखला लागतो. तो खोटा निघाला म्हणजे पैसा गेला, वर्ष गेले आणि दुकानही गेले.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा १९५६ चा कायदा साफ सांगतो : पदवी द्यावी ती संसदेच्या वा विधिमंडळाच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाने, नाहीतर केंद्राने अभिमत ठरवलेल्या संस्थेने. धर्मादाय कचेरीतली नोंदणी इथे कामाची नाही. लोणी काळभोरला राजबागेत विद्यापीठ आहे, ते खासगीच. पण त्यासाठी विधिमंडळाने २०१५ साली स्वतंत्र कायदा केला. म्हणून पहिला प्रश्न हा, की तुमचा कायदा कोणता आणि कोणत्या सालचा? कृषी महाविद्यालय असेल तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी कोणाशी संलग्न, की स्वतंत्र विद्यापीठाचे, तेही विचारा.

आयोग बोगस विद्यापीठांची यादी काढतो. २०२३ च्या यादीत २० नावे होती. त्यांतली ८ एकट्या दिल्लीची. शिवाय नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी आणि बेळगाव जिल्ह्यात गोकाकची बडगणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी. 'युनिव्हर्सिटी' म्हणून पाटी लावायला काय लागते? आणि या कायद्यात दंड किती, तर फार तर एक हजार रुपये. डी.ए.पी.चे पोते याहून महाग! फसवणुकीची फिर्याद वेगळी करता येते, पण पोराचे वर्ष काही परत येत नाही.

ज्याला दुकानच काढायचे आहे त्याच्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची एक वर्षाची 'देसी' पदविका आहे. दहावी पास चालतो, वर्ग आठवड्यातून एक दिवस. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा 'आत्मा'च्या कचेरीत चौकशी करावी.