टाक्यांची राखण गोळ्यांनी होत नाही

बेंबळी भागातला माणूस मोठ्या ऑपरेशनसाठी धाराशिव, लातूर नाही तर सोलापूर गाठतो. घरी परतला की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टरनं भारी गोळ्या दिल्या का न्हाई?" गोळ्या कमी दिसल्या की दवाखाना हलका ठरतो. हा समज घातक आहे.

जखम चिघळू नये म्हणून द्यायच्या प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, खरी वेळ ऑपरेशनच्या आधीची. चिरा पडतो तेव्हा औषध अंगात भिनलेले असावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, ज्या शस्त्रक्रियेत गरज आहे तिथे हे औषध चिरा देण्यापूर्वीच्या २ तासांत द्यावे. ऑपरेशन संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून चालू ठेवू नये.

शेतकऱ्याला याचे कारण सांगायला नको. तुरीवर तेच ते औषध वरचेवर फवारले आणि घाटेअळी त्याला दाद देईना. जंतूंचेही तसेच. विनाकारण घेतलेल्या गोळीने कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. पुढे खरोखर पू झाला तर साधे औषध लागू पडत नाही. मग महागडी इंजेक्शने, पुन्हा भरती आणि खर्चासाठी दावणीचे जनावर बाजारात!

मात्र जंतुसंसर्ग झालाच असेल, तर डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने अर्धवट सोडू नये. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यालाही देऊ नयेत.

मग राखण कशाने? ऑपरेशनआधी साबणाने आंघोळ करावी. केस काढायचेच तर वस्तऱ्याने नव्हे, मशीनने काढावेत. मधुमेह्याने साखर आटोक्यात ठेवावी. जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत; हळद, राख लावू नये. ताप, लाली, पू दिसला की मेडिकलवर नव्हे, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडे जावे.

गावकारभाऱ्यांचेही काम आहे. १ मार्च २०१४ पासून काही प्रबळ प्रतिजैविके 'एच-१' अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराने ३ वर्षे जपायची असते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनी आशाताईंना सोबत घेऊन हा विषय ग्रामसभेत मांडावा.

आणि रुग्णाने भारी गोळ्या मागण्याऐवजी डॉक्टरांना एवढेच विचारावे, "साहेब, हे औषध कशासाठी आणि किती दिवस?"