नियामकाचा कागद आणि ग्राहकाचा अंधार

वीज ही बाजारातील इतर मालासारखी नव्हे. एका दुकानी वजनात मारले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य कुटुंबांच्या दारी वीज आणणारी तार एकच आहे आणि ती एकाच कंपनीची आहे. मक्तेदारी सरकारी असो वा खाजगी, तिच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा जागी नसेल, तर ग्राहक हा निव्वळ बिल भरणारा प्रजाजन उरतो.

ही यंत्रणा कागदोपत्री अस्तित्वात आहे. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. २००३च्या विद्युत कायद्याने त्याला विस्तृत अधिकार दिले, आणि २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. नवी जोडणी किती दिवसांत द्यावी, बिघाड किती तासांत दुरुस्त करावा, सदोष मीटर केव्हा बदलावा, याची कृतिमानके आयोगाने ठरवून दिली आहेत. ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई देय होते. गाऱ्हाण्यांसाठी निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणेही कायद्याने बंधनकारक आहे.

प्रश्न असा की, हे नियम पाळले जातात की नाही, हे तपासतो कोण? कायद्याच्या कलम ५९ नुसार कंपनीने आपल्या कामगिरीची माहिती आयोगाला सादर करावयाची आणि आयोगाने ती वर्षातून एकदा तरी प्रसिद्ध करावयाची. म्हणजे परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासून गुण कळवावेत, असा हा प्रकार आहे. वीज किती वेळा गेली, तक्रार किती तासांत मिटली, याची नोंद ठेवणारा कंपनीचाच माणूस असतो. जी तक्रार नोंदवहीत उतरलीच नाही, ती आयोगाच्या लेखी घडलीच नाही.

कलम १२८ अन्वये आयोग स्वतंत्र चौकशी करवू शकतो. परंतु ही तरतूद प्रायः लोकक्षोभानंतरच आठवते. २०१८ साली मुंबई उपनगरांचे वितरण रिलायन्सकडून अदानी समूहाकडे गेले. वर्षअखेरीस फुगलेल्या बिलांविरुद्ध ओरड झाली, तेव्हा आयोगाने चौकशी समिती नेमली. २०२० च्या टाळेबंदीत मीटरवाचन थांबले, सरासरीची बिले निघाली, आणि जूनमध्ये थकलेला फरक एकदम माथी आला. रोजगार गमावलेल्या माणसाच्या हाती दुपटी-तिपटीचे बिल पडल्यावर हप्त्यांची सवलत आली. आग लागल्यावर बंब धाडणे आवश्यकच असते. पण त्याला देखरेख म्हणत नाहीत.

दंडाची कथाही अशीच. २००३च्या कायद्याने आदेशभंगासाठी कमाल एक लाख रुपये आणि पुढे प्रतिदिनी सहा हजार रुपये दंड ठरवला. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला ही रक्कम जाचक वाटावी तरी का? उलट, भरपाई मिळवण्यासाठी खेड्यातील ग्राहकाला मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात. ज्याचा हक्क, त्यानेच तो सिद्ध करावा, ही व्यवस्था दुबळ्याच्या विरुद्ध झुकलेली आहे.

केंद्राच्या २०२० च्या ग्राहकहक्क नियमांनी, जेथे कसुरीची नोंद दुरूनच घेता येते तेथे भरपाई आपोआप मिळावी, असे तत्त्व मान्य केले. ही दिशा योग्य आहे. परंतु नोंदणारे यंत्र कंपनीचे आणि वाचणाराही कंपनीचा असेल, तर तत्त्व पुन्हा कागदावरच राहील.

यास्तव तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. आयोगाने स्वतःच्या निरीक्षकांकरवी, पूर्वसूचना न देता, उपविभागवार नमुना-तपासणी करावी. खंडित पुरवठ्याची व भरपाईची आकडेवारी प्रत्येक उपविभागाच्या कार्यालयात मराठीत लावावी, म्हणजे गावकरी ती आपल्या अनुभवाशी ताडून पाहतील. आणि कलम ९४ नुसार ग्राहकांचे प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार मुंबईतील सुनावणीपुरता न ठेवता जिल्ह्याजिल्ह्यांत वापरावा.

खाजगीकरणाचे समर्थक सांगतात की स्पर्धा आली की ग्राहक आपोआप सुरक्षित होईल. उपनगरांचा अनुभव तसे सांगत नाही. सरकारी मालकीचे भक्त म्हणतात की कंपनी जनतेचीच आहे. तसे असेल तर जनतेला हिशेब तपासू द्यायला संकोच कशाचा? लोकशाहीत नियामक हा सरकार आणि कंपनी यांच्यामधला मध्यस्थ नव्हे. तो नागरिकांचा पहारेकरी आहे, आणि पहारा कचेरीत बसून होत नाही.