धोरण मोकळे झाले, रुळांवरचा दाब मात्र जुनाच

नवी दिल्ली : २०२५ च्या उत्तरार्धात केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाबाबत चार महिन्यांच्या आत तीन निर्णय घेतले. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत माफ करण्यात आले. २२ सप्टेंबरपासून मानवनिर्मित तंतूंवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर त्यांच्या सुतावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नोव्हेंबरमध्ये पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज तंतूंवरील गुणवत्ता नियंत्रण आदेश मागे घेण्यात आले. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर लादलेल्या ५० टक्के शुल्काची पार्श्वभूमी या निर्णयांना होती. सूतगिरण्यांना कच्चा माल स्वस्तात आणि हवा तिथून घेता यावा, हा त्यांमागचा उघड हेतू.

या निर्णयांवरची चर्चा प्रामुख्याने दराभोवती फिरली. देशी कापूस उत्पादकाचा भाव पडेल का, निर्यातदाराला दिलासा मिळेल का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. गिरणीने आज विदर्भातला कापूस, महिन्याभराने ब्राझीलचा, त्यानंतर पॉलिएस्टरचे मिश्रण असा पालट करायचे ठरवले, तर तिची यंत्रे तो पालट पेलू शकतात का? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका लहानशा भागात दडलेले आहे : कताई यंत्रातील वरच्या रुळांवर दाब देणारी आणि तो कमीजास्त करता येणारी यंत्रणा.

कताईचा गाभा समजून घेतल्याशिवाय या भागाचे मोल कळत नाही. रिंग फ्रेमवर येणारा कापसाचा जाडसर पेळू, ज्याला गिरणीत रोव्हिंग म्हणतात, तीन रुळांच्या जोड्यांमधून जातो. खालचे रूळ पोलादी आणि खाचांचे, वरचे रबरी आवरणाचे. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा कितीतरी वेगाने फिरते आणि त्या वेगफरकामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो. ४० नंबरच्या सुती धाग्याच्या छेदात मध्यम जाडीच्या कापसाचे सुमारे ९० ते १०० तंतू असतात. ताणाचे प्रमाण ३० पट धरले, तर रोव्हिंगमध्ये तेच तंतू ३,००० च्या आसपास असतात. तीन हजारांचे शंभर करताना प्रत्येक तंतू नेमक्या क्षणी मागच्या रुळाच्या पकडीतून सुटून पुढच्याच्या पकडीत जायला हवा. ही पकड वरच्या रुळावरच्या दाबाने येते.

दाब कमी पडला तर तंतू रुळाखालून घसरतात, ते गटागटाने पुढे सरकतात आणि धाग्यात जाड-बारीक लाटा उमटतात. दाब अवाजवी झाला तर रबरी आवरण लवकर झिजते, त्यावर खळगे पडतात, खालचा रूळ किंचित वाकतो, यंत्र अधिक वीज खाते. पुढच्या रुळांच्या जोडीवर साधारण १० ते १८ किलो वजनाइतका दाब दिला जातो आणि प्रचलित स्प्रिंगच्या भुजांवर तो तीन टप्प्यांत बदलता येतो. कोणता टप्पा निवडायचा, हे तंतूची लांबी, त्याचा खरखरीतपणा, रोव्हिंगचा पीळ आणि ताणाचे प्रमाण यांवर ठरते. लांब आणि एकमेकांना घट्ट धरून राहणाऱ्या मानवनिर्मित तंतूंना ताणायला जास्त बळ लागते, म्हणून त्यांना दाबही जास्त हवा. निव्वळ कापसासाठी लावलेल्या टप्प्यावर पॉलिएस्टरचे मिश्रण चालवले तर यंत्र बंद पडत नाही, धागाही निघतो. तो विषम निघतो इतकेच, आणि हे वैषम्य डोळ्यांना दिसत नाही.

ते दिसते पुढे, दुसऱ्याच्या कारखान्यात. इचलकरंजीच्या मागावर किंवा तिरुप्पूरच्या विणाई यंत्रावर तो धागा कापड होतो, कापड रंगते आणि मगच त्यात पट्टे उमटतात. वरचा रबरी रूळ तिरका झिजला असेल तर त्याच्या परिघाइतक्या, म्हणजे सुमारे ९ सेंटीमीटर अंतराने धाग्यात जाडीचा चढउतार पुन्हापुन्हा येतो. प्रयोगशाळेतील विषमता मापक यंत्राच्या आलेखावर तो नेमक्या जागी टोक काढून दाखवतो. मात्र असे चाचणी यंत्र सर्वत्र असते असे नाही, आणि असले तरी हजारो चात्यांपैकी मोजक्याच धाग्यांचे नमुने त्यावर चढतात.

रुळांवर भार ठेवण्याची युक्ती कताईच्या यंत्रयुगाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये लुईस पॉल आणि जॉन वायट यांनी रुळांनी तंतू ताणण्याची कल्पना १७३८ मध्ये पेटंट केली, पण ती व्यवहारात टिकाऊ यश देऊ शकली नाही. रिचर्ड आर्कराइट यांच्या १७६९ च्या यंत्राला ते यश मिळाले. रुळांमधले अंतर तंतूच्या लांबीशी जुळवणे आणि वरच्या रुळांना वजने टांगून पकड पक्की करणे, या दोन बाबींचा त्यात मोठा वाटा मानला जातो. पुढे दीर्घकाळ टांगलेली वजने आणि तरफा यांवरच गिरण्या चालल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्पेनमधील फर्नांडो कासाब्लांकास यांनी मधल्या रुळांवर छोटे पट्टे, म्हणजे एप्रन, बसवून आखूड तंतूंवर ताबा मिळवला. त्यानंतर स्प्रिंगच्या भुजा आल्या आणि वजने गेली. नागपुरात १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकात रिंग फ्रेमचे प्रयोग केले, तेव्हा लँकेशायरचा भरवसा अजून जुन्या म्यूल यंत्रावर होता. नव्या यंत्राला लवकर हात घालण्याची ही परंपरा आपल्याकडे होती, एवढे यानिमित्ताने नोंदवायला हरकत नाही.

आज बाजारात भुजांचे तीन मुख्य प्रकार आहेत. गुंडाळीच्या स्प्रिंगची भुजा सर्वांत परिचित आणि दुरुस्तीला सोपी. तिचा दोष असा की, वर्षानुवर्षे दाबली गेलेली स्प्रिंग थकते आणि सगळ्या एकसारख्या थकत नाहीत. त्यात रबरी आवरण ठरावीक काळाने घासून गुळगुळीत करावे लागते. दर वेळी त्याचा व्यास थोडा घटतो आणि भुजेची उंची पुन्हा लावली नाही तर दाबही घटतो. दुसरा प्रकार पट्टी-स्प्रिंगचा. त्यात घासणारे सांधे कमी असल्याने दाब अधिक काळ स्थिर राहतो. तिसऱ्या प्रकारात यंत्राच्या लांबीभर नळी जाते आणि हवेचा दाब सर्व भुजांना मिळतो. एका झडपेवरून संपूर्ण यंत्राचा दाब बदलता येतो. यंत्र थांबलेले असताना तो कमी ठेवता येतो, त्यामुळे स्थिर रुळांच्या रबरावर खळगे पडत नाहीत. मिश्रण वारंवार बदलणाऱ्या गिरणीला हाच प्रकार सर्वांत सोयीचा.

ही सोय किती मोठी आहे ते साध्या गणिताने दिसते. २५,००० चात्यांची एक मध्यम गिरणी घ्या. एक भुजा दोन चात्या सांभाळते, म्हणजे भुजा १२,५००. प्रत्येकीवर तीन रुळांचा दाब वेगळा लावायचा, म्हणजे लावण्याच्या जागा ३७,५००. एका भुजेला फिटरचा एक मिनिट जरी लागला तरी २०८ तास, अर्थात आठ तासांच्या २६ पाळ्या होतात. त्या काळात ती ती यंत्रे थांबवावी लागणार. स्प्रिंगच्या भुजा असलेल्या गिरणीचा व्यवस्थापक मिश्रण बदलताना हे काम पुढे का ढकलतो, ते समजायला यापुढे कारण लागत नाही. दाब बदलता येतो, पण बदलला जात नाही. सहसा मधला टप्पा एकदा लावून दिलेला असतो आणि सगळे तंतू त्याच टप्प्यावर जातात.

देशात पाच कोटींहून अधिक चात्या आहेत आणि त्यांत सर्वाधिक तमिळनाडूत. गेल्या दशकात गुजरातमध्ये उभ्या राहिलेल्या नव्या गिरण्यांची स्थिती वेगळी, पण जुन्या गिरण्यांत बऱ्याच ठिकाणी यंत्राचा सांगाडा तोच राहून सुटे भाग बदलत आले आहेत. अशा यंत्रावर संपूर्ण नवी रिंग फ्रेम घेण्याऐवजी फक्त भुजा बदलणे शक्य असते. खर्च खूप कमी, परिणाम थेट धाग्यावर. तरीही सरकारी योजनांच्या भाषेत या कामाला नाव नाही.

तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना एप्रिल १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिच्या आधाराने कताईत मोठी गुंतवणूक झाली. इतकी की, कताईची क्षमता पुरेशी वाढली असे मानून २०१६ च्या सुधारित योजनेत भांडवली अनुदानातून कताई वगळण्यात आली. ती योजनाही ३१ मार्च २०२२ रोजी संपली. १०,६८३ कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मानवनिर्मित तंतूंचे कापड व तयार कपडे आणि तांत्रिक वस्त्रे यांच्यासाठी आहे. चात्यांची संख्या वाढवायला अनुदान नको, हा निर्णय योग्यच होता. पण संख्या वाढवणे आणि असलेल्या चातीची पकड सुधारणे या दोन गोष्टी त्याने एकाच पारड्यात टाकल्या. परिणामी, तंतू बदलण्याची मुभा देणारे धोरण आणि तंतू बदलण्याची यांत्रिक क्षमता यांची कधी गाठ पडली नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा तुटलेला दुवा अधिक बोचणारा आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने राज्यात पिकणाऱ्या कापसापैकी राज्यातच प्रक्रिया होणारा वाटा ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. हा कापूस एकजिनसी नाही. हमीभावाच्या निकषांतच २४.५ ते २५.५ मिलिमीटरचा मध्यम धागा आणि २९.५ ते ३०.५ मिलिमीटरचा लांब धागा असे भेद आहेत आणि २०२५-२६ साठी त्यांचे दर अनुक्रमे ७,७१० आणि ८,११० रुपये क्विंटल ठरले. कोरडवाहू पट्ट्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या वेचणीच्या कापसातही फरक पडतो. या चढउताराला जुळवून घेणारी गिरणी शेजारच्या शेतकऱ्याचा कापूस घेऊ शकते. न घेणारी, एकसारख्या गाठी मिळाव्यात म्हणून आयातीकडे पाहते. आयात कापसाला केवळ किमतीमुळे मागणी असते, हा समज म्हणूनच अपुरा आहे. त्याच्या गाठीगाठींतले साम्य हीदेखील गिरणीला मिळणारी सवलतच असते.

अर्थात दाबाची यंत्रणा म्हणजे जादू नव्हे. जिनिंगमध्ये तुटलेले आखूड तंतू कोणत्याही रुळाला नीट धरता येत नाहीत, आणि कापसात मिसळलेले प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे दाब वाढवून जात नाहीत. हवेच्या दाबाच्या यंत्रणेचेही दुखणे आहे. नळीत गळती असेल तर तो तोटा शेकडो भुजांवर एकदम पसरतो, कॉम्प्रेसर वीज खातो, आणि चुकीचा दाब लावला तर तो सगळ्या यंत्रावर सारखाच चुकीचा लागतो. स्प्रिंगची भुजा बिघडली तर निदान दोनच चात्यांचे नुकसान करते. ज्या गिरणीत वर्षानुवर्षे एकाच नंबरचा, एकाच कापसाचा धागा निघतो, तिला नीट राखलेली स्प्रिंगची भुजा आजही पुरेशी आहे.

इथे माणसाचा प्रश्न येतो. दाब तपासण्याचे मापक छोटेसे उपकरण आहे. ते भुजेखाली बसवायचे आणि आकडा वाचायचा. पण कोणत्या यंत्रावर आधी जायचे, आकडा दोन किलोने कमी आला तर स्प्रिंग बदलायची की उंची लावायची, रबर दोषी आहे की रूळ, हे अनुभवी फिटरलाच कळते. तमिळनाडूच्या गिरण्यांत आता मोठ्या प्रमाणावर ओडिशा, बिहार, झारखंडमधून आलेले कामगार आहेत आणि त्यांतले अनेक काही महिन्यांत गाव गाठतात किंवा गिरणी बदलतात. त्यांना धागा जोडायला लवकर शिकवता येते. रुळांची देखभाल शिकायला जो काळ लागतो, तेवढे ते एका जागी टिकत नाहीत. त्यांचे वेतन आणि निवासाची स्थिती पाहता टिकावे तरी कशासाठी, हा प्रश्न त्यांना विचारण्याऐवजी गिरण्यांनी स्वतःला विचारलेला बरा.

हे काम करू शकणाऱ्या संस्था देशात आहेत. अहमदाबादची वस्त्रोद्योग संशोधन संस्था १९४७ मध्ये, तर कोइम्बतूरची १९५६ मध्ये स्थापन झाली. मुंबईत आणि गाझियाबादमध्येही अशा संस्था आहेत. गिरणीत जाऊन तपासणी करणे आणि कामगारांना प्रशिक्षण देणे त्यांच्या कार्यकक्षेत बसते. ५०,००० चात्यांखालील गिरण्यांसाठी दाबाच्या तपासणीचा खर्च वाटून घेणारी आणि भुजा बदलण्यासाठी व्याजात सवलत देणारी योजना आखायला नव्या मोठ्या निधीची गरज नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पाच वर्षांच्या कापूस उत्पादकता अभियानात अतिलांब धाग्याच्या वाणांवर भर आहे. ते वाण शेतात यशस्वी झाले, तर तो कापूस गिरणीच्या दारात येईल तेव्हा रुळांमधले अंतर आणि त्यांवरचा दाब दोन्ही नव्याने लावावे लागतील. त्या अभियानाला कापड मंत्रालयाची जोड मिळताना कताई यंत्राच्या या तयारीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार, हे अद्याप ठरायचे आहे.