शेजाऱ्यांची गाठ न्यू यॉर्कात

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी काही ठिकाणी प्रवेश मोफत असतो, एखादे व्याख्यान होते आणि उन्हाळी सुट्टीमुळे शाळा बंद असल्याने हाती लागतील तेवढ्या मुलांना दालनांतून फिरवून आणले जाते. यात गैर काही नाही. पण या निमित्ताने एका फिरत्या प्रदर्शनाची आठवण काढायला हवी. ते आपल्या भूभागाविषयी होते, त्यात आपली माणसे होती, एका चित्रपटात तर मराठी कविताही होती. तरीही ते आपल्या दारात आले नाही.

त्या प्रदर्शनाचे नाव होते ‘नो कंट्री’. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या समकालीन कलेचे हे प्रदर्शन फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात उघडले. नाव घेतले होते येट्सच्या ‘सेलिंग टू बायझँटियम’ या कवितेच्या पहिल्या ओळीतून, पैसा होता यूबीएस या स्विस बँकेचा आणि निवड होती सिंगापूरच्या जून याप यांची. पाकिस्तानपासून फिलिपिन्सपर्यंतचे २२ कलावंत आणि कलासमूह त्यांनी एका छताखाली आणले. या टापूत हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती सगळेच नांदतात आणि भाषांची तर गणतीच नको. इंग्रज, फ्रेंच, डच, स्पॅनिश आणि अमेरिकन अशा पाच राजवटींनी इथे आपापल्या रेघा ओढल्या. त्या रेघांच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना आज काय दिसते, हाच प्रदर्शनाचा विषय होता.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची कलाकृती या विषयाच्या थेट गाभ्यात शिरते. काचेच्या कपाटात हाताने गुंडाळलेला दोऱ्याचा एक मोठा गुंडा, खाली पितळी पट्टी. पट्टीवर कोरले आहे की २००७ च्या अखेरपर्यंत भारताच्या पश्चिम आणि वायव्य सीमेवर ११८८.५ मैलांचे कुंपण उभे राहिले होते. कृतीचे नाव ‘१:१४.९’. म्हणजे गुंड्यातल्या दोऱ्याची लांबी १४.९ ने गुणली की कुंपणाची लांबी मिळते. हिशेब केला तर गुंड्यात सव्वाशे किलोमीटरहून अधिक दोरा भरतो. ज्या कुंपणाच्या नावाने निवडणुका लढवल्या जातात, ते इथे एका कपाटात मावले आहे. कुंपण चूक की बरोबर, याबद्दल ही कृती अवाक्षर काढत नाही. ती फक्त मोजमाप पुढे ठेवते. प्रचारकी कलेची आपल्याकडे वाण नसल्याने हा संयम विशेष वाटतो.

दुसरे भारतीय कलावंत अमर कंवर. त्यांचे तीन चित्रपट तिथे होते. १९९७ चा ‘अ सीझन आउटसाइड’ सुरू होतो वाघा सीमेवरच्या कवायतीपासून. २००२ च्या ‘अ नाइट ऑफ प्रोफेसी’साठी कंवर महाराष्ट्र, आंध्र, नागालँड आणि काश्मीर असे फिरले आणि तिथल्या कवी-गायकांना त्यांच्याच भाषेत बोलू दिले. न्यू यॉर्कच्या अंधाऱ्या दालनात बसलेल्या प्रेक्षकाने दलित कवीची मराठी ऐकली ती अशी. आपल्या किती साहित्य संमेलनांत हा चित्रपट दाखवला गेला असेल, हा प्रश्न आयोजकांना विचारून पाहावा.

शेजाऱ्यांच्या कलाकृती पाहताना जाणवते ती आपली ओळख, परकेपणा नव्हे. ढाक्याच्या तय्यबा बेगम लिपी यांनी स्टेनलेस स्टीलच्या ब्लेडची पाती जोडून पलंग केला. खेड्यातल्या बाळंतपणात नाळ कापायला सुईणीच्या हाती असायचे ते ब्लेड. त्यांच्या लहानपणीची ही आठवण गायबांधाची, पण ती मराठवाड्यातल्या एखाद्या आजीची म्हणूनही सहज खपेल. क्वेट्ट्याच्या हजारा कुटुंबात जन्मलेले खादिम अली लाहोरात लघुचित्रे शिकले आणि शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या रुस्तमला त्यांनी आजच्या हिंसेत आणून उभे केले. कराचीच्या बानी आबिदी यांच्या छायाचित्रांत सिंध जिंकणाऱ्या मोहम्मद बिन कासिमच्या वेशातला एक माणूस शहरातल्या स्मारकांपुढे उभा असतो. इतिहास सोयीने निवडणाऱ्यांची ही टिंगल आहे आणि ती एका पाकिस्तानी बाईने केली आहे. इकडचे वाचक मनात जी नावे घालायची ती घालतील.

कंबोडियाच्या वांडी रत्तना यांची छायाचित्रे मात्र वेगळ्याच कारणाने लक्षात राहतात. हिरव्या शेतांतली शांत, गोल तळी. पाहताना डोळे निवतात. मग कळते की ही तळी कोणी खणलेली नाहीत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी विमानांनी टाकलेल्या बॉम्बनी पडलेले हे खड्डे आहेत. ही चित्रे अमेरिकेतल्याच संग्रहालयाने विकत घेऊन भिंतीवर लावली. त्या संग्रहालयाला इतके श्रेय दिलेच पाहिजे.

आणि नाविन रावनचायकुल. जन्म थायलंडच्या चियांग माईचा, घराणे पंजाबी हिंदू, मूळ गाव फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले. हिंदी सिनेमाच्या हाताने रंगवलेल्या होर्डिंगच्या थाटात त्यांनी आपल्या घराण्याचा स्थलांतराचा पट रंगवला. या माणसाला कोणत्या देशाचा म्हणायचे, हे पासपोर्ट सांगतो. चित्र सांगत नाही.

आता या प्रदर्शनाचा प्रवास पाहा. न्यू यॉर्कनंतर ते ऑक्टोबर २०१३ मध्ये हाँगकाँगच्या एशिया सोसायटीत गेले आणि मे २०१४ मध्ये सिंगापूरच्या गिलमन बरॅक्समध्ये. योगायोग असा की हाँगकाँगची जागा मूळची ब्रिटिश फौजेचे दारूगोळ्याचे कोठार, तर सिंगापूरची त्याच फौजेची १९३६ ची छावणी. जुलै २०१४ मध्ये प्रदर्शन संपले. मुंबई, ढाका, कराची, मनिला, यांगून यांपैकी एकाही शहरात ते पोचले नाही. दक्षिण आशियात तर त्याने पाऊलही टाकले नाही. गुगेनहाइम आणि यूबीएस यांच्या याच उपक्रमातले मध्यपूर्वेच्या कलेचे प्रदर्शन पुढे न्यू यॉर्कहून निघाले ते इटलीतल्या मिलानला गेले. यावरून रीत कळते.

अशा प्रदर्शनावर व्हायची ती टीका झाली आणि ती रास्तच आहे. एका निवडकर्तीने एवढा प्रदेश कसा कवेत घ्यायचा? २२ जणांत श्रीलंका नाही, नेपाळ नाही. बँकेच्या पैशातून पाश्चात्त्य संग्रहालय आपला संग्रह वाढवते आणि त्याला सांस्कृतिक संवाद म्हणते, हेही खरेच. पण ही टीका आपल्या तोंडी तेव्हाच शोभेल, जेव्हा आपण दुसरे काही उभे करून दाखवू. एकेकाळी दाखवले होते. १९६८ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या पुढाकाराने ललित कला अकादमीने दिल्लीत त्रैवार्षिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन सुरू केले. अलिप्ततेच्या राजकारणाचा तो काळ. जगाची कला इथे यावी आणि आपण ती आपल्या डोळ्यांनी तोलावी, ही त्यामागची ऐट होती. २००५ मध्ये त्याची अकरावी आवृत्ती झाली आणि पुढे ती परंपरा थंडावली. दरम्यान ढाक्याने १९८१ पासून आशियाई द्वैवार्षिक चालवले आणि २०१२ पासून ढाका आर्ट समिटही उभे केले. लहान शेजारी या बाबतीत आपल्यापुढे निघून गेला आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.

प्रदर्शन फिरवणे हे खर्चाचे आणि कटकटीचे काम आहे, यात शंका नाही. प्रत्येक कृतीसाठी मापाची लाकडी पेटी लागते. निघताना आणि पोचल्यावर तिच्या स्थितीची नोंद करावी लागते. कस्टम्सची हमी, विमा, हवेतली आर्द्रता मोजणारी यंत्रे हे सगळे आलेच. यातला विम्याचा भार सर्वांत जड. ब्रिटनमध्ये १९८० पासून तो सरकार स्वतःच्या हमीवर उचलते, म्हणून तिथल्या लहान गावांतल्या संग्रहालयांनाही मोठी चित्रे उसनी मिळतात. आपल्याकडे जमतच नाही असेही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत दोनशेहून अधिक वस्तूंचे ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ भरवले आणि ते पुढे दिल्लीलाही नेले. लंडनहून वस्तू येतात. ढाक्याहून आणि कोलंबोहून का येत नाहीत, याचे उत्तर पेट्यांत आणि विम्यात शोधून मिळणार नाही.

कलावंतांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. २००० साली शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानच्या हुमा मुल्जी यांनी ‘आर-पार’ हा उपक्रम सुरू केला. मुंबईच्या कलावंतांचे काम कराचीत आणि कराचीकरांचे मुंबईत, तेही दालनात नव्हे तर रस्त्यावर. २००२ मध्ये तर चित्रे ई-मेलने गेली आणि पलीकडच्या शहरात पोस्टर म्हणून छापली गेली. व्हिसा लागला नाही, विमाही नाही. कारगिलला तीनच वर्षे झाली होती आणि दोन्ही फौजा सीमेवर समोरासमोर उभ्या होत्या, त्या वर्षीची ही गोष्ट. पुढे २०१५ मध्ये गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा यांचे संयुक्त प्रदर्शन झाले, पण त्यासाठी दोघांना व्हेनिस गाठावे लागले.

तेव्हा मागणी मोठी नाही. केंद्राने फिरत्या प्रदर्शनांसाठी विमा-हमीची अशी योजना आखावी, जी लहान आणि खासगी संग्रहालयांनाही खुली असेल. महाराष्ट्राने त्याचीही वाट पाहू नये. कला संचालनालय दरवर्षी राज्य कला प्रदर्शन भरवते. त्यात शेजारी देशांतल्या कलावंतांचा एक छोटा विभाग ठेवावा. मूळ कृती आणणे परवडत नसेल तर छापील चित्रे आणि चित्रफिती मागवाव्यात. तो विभाग मुंबईत न अडकवता कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या कला महाविद्यालयांत फिरवावा आणि ‘अ नाइट ऑफ प्रोफेसी’ तिथे दाखवण्यासाठी कंवर यांची रीतसर परवानगी मागावी. पुढच्या १८ मेपर्यंत एवढे सहज होण्याजोगे आहे.