लेखणी कोणाच्या हाती?

वर्गात टॅब्लेट संगणक आणावा की नाही, हा वाद आता जुना झाला. त्या वादात एक प्रश्न मात्र नेहमी बाजूला राहिला. तो आणल्यावर विद्यार्थ्याने त्याचे करायचे काय? केवळ पाहायचे, की त्यावर लिहायचेही? मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटत नाही.

थोडे मागे पाहू. 5 ऑक्टोबर 2011 रोजी 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट दिल्लीत सादर झाला. नोव्हेंबर 2012 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात पवईच्या आयआयटीचा मोठा सहभाग होता. 2015 साली मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब्लेट दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण या योजनांतली टॅब्लेटची कल्पना प्रामुख्याने भरलेल्या पेटीची होती. विद्यार्थ्याने पेटी उघडायची आणि बोटाने पान सरकवायचे. 'प्रत्येकाला एक' हे सूत्रही त्या कल्पनेशी सुसंगतच होते.

पेनाने लिहिता येणारा टॅब्लेट ही निराळी वस्तू आहे. त्याचे खास पेन हाताचा दाब ओळखते; काचेवर टेकलेल्या तळहाताच्या खुणा सहसा उमटत नाहीत. कागदावर लिहिण्याची सवय फारशी मोडावी लागत नाही. असा टॅब्लेट प्रक्षेपकाला जोडला, की लिहिले जात असतानाच अक्षर साऱ्या वर्गाला दिसते. आमच्या मते त्याचे खरे मोल येथे आहे.

वृत्तांचे उदाहरण घ्या. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत 19 अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरानंतर यती येते, हे विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितोही. पण कवितेची ओळ पडद्यावर ठेवून तिच्यावर लघु-गुरूच्या खुणा करायला सांगितले, की पहिल्या जोडाक्षरापाशीच हात अडखळतो. आधीचे अक्षर गुरू होते ते का, हे त्या अडखळण्यातून उमगते. एकाने लाल रंगात केलेली खूण तशीच ठेवून दुसऱ्याने निळ्यात आपली खूण करावी; दोन्ही शेजारी दिसतात आणि चर्चेला तोंड फुटते. मुक्तछंदाच्या वाचनात कोठे थांबावे, यावर तर पाच जणांच्या पाच खुणा पडतील. काव्यसमीक्षेचा याहून चांगला आरंभ आम्हांला माहीत नाही.

मोडी लिपीचे उदाहरण याहून बोलके आहे. 2014 साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ती संगणकावर टंकण्याची वाट मोकळी झाली. परंतु मोडी ही हाताच्या वेगातून घडलेली लिपी. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जायचे, ही तिची रीत. छापील तक्ता तयार अक्षर दाखवतो. लेखणी कोठून निघाली, कोठे वळली, हे त्यात दिसत नाही. काही लेखन-प्रणालींत एकेक रेघ उमटलेल्या क्रमाने पुन्हा पाहता येते. मोडी वाचायला शिकणाऱ्यासाठी ही सोय मोलाची आहे. कारण लिहिण्याचा क्रम कळला की जोडलेल्या अक्षरांची उकल सोपी होते.

हे सारे फळ्यावरही होऊ शकते, असे कोणी म्हणेल. अंशतः ते खरे आहे, आणि खडूचे ऋण आम्ही नाकारत नाही. परंतु फळ्यावर आधी संपूर्ण उतारा लिहून काढावा लागतो, आणि तासाच्या शेवटी तो पुसला जातो. मागच्या बाकावरचा विद्यार्थी फळ्यापर्यंत क्वचितच येतो. टॅब्लेट मात्र त्याच्यापर्यंत नेता येतो.

म्हणूनच 'प्रत्येकाला एक' याऐवजी 'वर्गाला एक' असे सूत्र आम्ही सुचवतो. ठाणे पूर्वेच्या कोपरीतून किंवा लोकलने कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्या सामान्य घरांतल्या मुलांच्या हाती मोबाइल असतो, पण पेनाचा महागडा टॅब्लेट कितीजणांना परवडेल? तो स्वतः आणण्याची अट घातली, तर वर्गातच दोन वर्ग पडतील. महाविद्यालयाने एक टॅब्लेट घ्यावा आणि तो बाकावरून बाकावर फिरवावा. पेन हरवेल, त्याचे टोक झिजेल, वीज जाईल, हे गृहीत धरून खडू-डस्टरही जवळ असू द्यावेत.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. हे पेन केवळ अध्यापकाच्याच हाती राहिले, तर आपण महागडा फळा विकत घेतला एवढाच त्याचा अर्थ होईल. साहित्याचा विद्यार्थी संहितेवर स्वतःची खूण करतो आणि ती चारचौघांत समर्थपणे मांडतो, तेव्हा तो टिपणे उतरवून घेणारा न राहता वाचक होऊ लागतो. लेखणी त्याच्या हाती जाते की नाही, यावरूनच या खर्चाचा हिशेब व्हावा.